पेन्शनरांची मंडळी की मानकऱ्यांची बैठक?

दर साली ७ डिसेंबर उजाडला की सशस्त्र सेना ध्वजदिनाचा मंडप पडतो. १९४९ सालापासून हा दिवस पाळला जात आहे, आणि त्याचे आम्हांस काहीएक वावडे नाही. जखमी शिपाई, शिपायाची विधवा व तिची पोरे यांच्यासाठी देशाने चार पैसे काढून ठेवावेत हे योग्यच आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. त्या मंडपात कोण कोठे बसतो, हे शेतकरी व कारागीर बंधूंनी एकदा डोळे उघडून पाहावे. पहिल्या रांगेत पुढारी, ठेकेदार आणि जन्मात पलटणीचे तोंड न पाहिलेले देणगीदार. दुसऱ्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस. त्यांच्यामागे छातीवर पदके लावलेला शिपाई, नायक, हवालदार. म्हणजे कुणब्याचा, तेल्याचा, माळ्याचा, ढिवराचा, गोंडाचा, बौद्धाचा, लोहाराचा मुलगा. आणि सतरंजीच्या अगदी कडेला, नाव पुकारले की उठून यावयाचे म्हणून बसविलेली शिपायाची विधवा. शाल, नारळ, फोटो. झाले! दुसऱ्या दिवशी ती बाई आपल्या धानाच्या बांधीत, मंडळ आपल्या कपाटात, आणि तिचा अर्ज कोणत्या तरी कचेरीच्या धुळीत.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीत माजी सैनिकांची जी मंडळे आहेत, त्यांस आमचा एकच सवाल आहे. ही मंडळी पेन्शनरांची आहे की मानकऱ्यांची? कोणा एका मंडळावर आमचा रोख नाही. ज्यांचा कारभार चोख असेल त्यांनी आमचे बोलणे मनास लावून घेऊ नये. ज्यांस झोंबेल त्यांनी मात्र विचार करावा.

'पेन्शनर' हा शब्द आमच्या चळवळीत मोठ्या मानाचा आहे, हे आजच्या पोरांस ठाऊक नाही. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून पेन्शन घेऊन दापोलीस राहिले. हाती थोडी पेन्शन, अंगी पलटणीतले अक्षरज्ञान, आणि डोळ्यांसमोर आपल्या महार बांधवांची दैना. त्यांनी शाली गोळा केल्या नाहीत. अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली, आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेच्या कैवाऱ्यांस उघड जाब विचारला. पुढे सरकारने महारांची फौजेतील भरती बंद केली, तेव्हा १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला तो त्यांनीच. तेच मागणे १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यापर्यंत नेले. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर मोडूनही टाकली. अखेर १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. अर्जामागून अर्ज, पिढीमागून पिढी! सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेतले मास्तर. त्यांच्या घरी जी पुस्तके आली, त्या पुस्तकांत बाबासाहेब वाढले. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या या चांद्यात येऊन हजारोंस धम्मदीक्षा दिली. तेव्हा कोकणातल्या पेन्शनरांशी आमच्या झाडीचा संबंध काय, असे कोणी विचारू नये. त्या जुन्या पेन्शनरांनी लेखणी हाती धरली नसती, तर आमच्या घरांतले पुष्कळ दिवे आज लागले नसते.

आता सांप्रतचा पेन्शनर पाहा. पलटणीत असता तो एका लंगरात जेवला. शेजारी कोण बसला, त्याच्या बापाचा धंदा काय, हे त्याने विचारले नाही. बर्फात एकाची कांबळ दुसऱ्याने पांघरली, जखमी झाल्यावर एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात गेले. त्या रक्तास विटाळ झाला नाही! पण हाच गडी पेटी डोक्यावर घेऊन गावच्या फाट्यावर उतरला, की पंधरा-वीस वर्षांचा धडा त्या फाट्यावरच सोडून येतो. हा आपल्या आळीत जातो, तो आपल्या टोल्यावर. लग्नाच्या पंगतीत सोबती वेगळा बसला तरी याच्या घशात घास अडकत नाही. बाप मेला की तेरवीचे जेवण, मुहूर्त आणि दक्षिणा यांत पेन्शनीची शिल्लक उडवितो आणि पोरीच्या शाळेस पैसा नाही म्हणतो. अरे बाबा, ज्याने बंदुकीची गोळी पाहिली त्याला पंचांगाची भीती वाटावी, याहून मोठे नवल कोणते? जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो याच भीतीचे मूळ उपटण्यासाठी. माजी सैनिकांच्या मंडळाने आणखी काही केले नाही आणि वर्षातून चार वेळा सगळ्या जातींच्या शिपायांस, त्यांच्या बायकापोरांसह, एका पंगतीस गावातच बसविले, तरी आम्ही त्यास धन्यवाद देऊ. छावणीतली समता गावात चालवून दाखविणे हेच मंडळाचे पहिले काम होय.

दुसरे काम विधवेचे. येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे पोटाचा प्रश्न आहे. शिपाई मेल्यावर त्याच्या पत्नीस मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन एकाच दराचे नसते. मरण साधे असेल तर सर्वसाधारण दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सेवेमुळे मरण आले असे ठरले तर ६० टक्के, आणि लढाईत वा तशा कारवाईत मरण आले तर शेवटच्या पगाराइतके. म्हणजे कागदावर मरणाचे कारण काय लिहिले, यावर त्या बाईच्या घरी किती पोती तांदूळ येणार ते ठरते. हे तिला कोणी समजावून सांगतो काय? तिचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, जन्मतारीख तिसऱ्यावर निराळीच. नाव जुळत नाही म्हणून रेकॉर्ड ऑफिसचा कागद परत येतो. ते ऑफिस कोणाचे बेळगावास, कोणाचे सागरास. आणि पेन्शनीचा हिशेब प्रयागराजेस. आता सगळा कारभार 'स्पर्श' नावाच्या संगणकाच्या खिडकीतून चालतो, आणि वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हेही त्याच खिडकीत सिद्ध करावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट वर्षानुवर्षे अडविली आहे. रस्ता बंद, वीज नाही, फोनला आवाज नाही. अशा ठिकाणच्या माडिया बाईने आपण जिवंत असल्याचा दाखला कोणत्या झाडावर चढून द्यावा?

मग येतो दलाल. 'बाई, तुमचे काम करून देतो, अडकलेली रक्कम आली की इतका वाटा माझा.' जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' ओढला तो ज्या लेखणीवर, ती कुळकर्ण्याची लेखणी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या राज्यातून वतनासकट काढून टाकली. पण लेखणी मेली नाही. तिने संगणकाचा अवतार घेतला. ज्यास वाचता येते तो खातो, ज्यास येत नाही त्याचे खाल्ले जाते, हा जुनाच न्याय. मग आम्ही विचारतो, मंडळात पलटणीचे कारकून होते, सिग्नलचे गडी होते, हिशेबनीस होते. ते काय करितात? आठवड्याच्या बाजारी एक टेबल, एक संगणक आणि दोन शिकलेले पेन्शनर बसले, तर दलालाचे दुकान महिन्याभरात उठेल. २०२० साली राज्य सरकारने माजी सैनिक व त्यांच्या विधवा यांस एका घराचा मालमत्ता कर माफ केला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत दिला की काम होते. आपल्या गावातल्या किती विधवांचा हा कर माफ झाला, याची यादी कोणत्या मंडळाच्या भिंतीवर लागली आहे? आम्हांस दाखवावी, आम्ही छापू.

आणि मानाची गोष्ट! सभेत जिला 'वीरपत्नी' म्हणून हाक मारावयाची, तिलाच संक्रांतीच्या हळदीकुंकवास बोलवावयाचे नाही. जिच्या हाती मंडपात तिरंगा द्यावयाचा, तिच्या हाताने भाचीच्या लग्नात हळद लागू द्यावयाची नाही. हा कोणता न्याय? नवऱ्याने देशासाठी देह ठेवला, त्याची शिक्षा बाईच्या कपाळाला? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या दुष्ट चाली बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींस घालून दिला. एका शेतकरी गावास जे सुचले, ते तलवारी गाजविणाऱ्यांच्या मंडळास सुचू नये काय? माजी सैनिकाच्या घरी मरण झाले, तर त्या दिवशी मंडळाचे चार गडी दारात उभे राहून बांगड्यांस हात लावू देणार नाहीत, असा ठराव ज्या मंडळाने केला, त्यालाच आम्ही शूरांचे मंडळ म्हणू.

तिसरी गोष्ट दाराची. मंडळाच्या दारातून आत कोण आणि बाहेर कोण? कायद्याने 'माजी सैनिक' म्हणजे भूदल, नौदल, वायुदल यांतला. ठीक. पण गडचिरोलीत गणवेशात मेलेल्यांची नावे मोजा. १ फेब्रुवारी २००९ रोजी मरकेगावास १५ पोलीस, त्याच साली ८ ऑक्टोबरला लाहेरीस १७, १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्यास १५ आणि त्यांचा गाडीवान. १९९० साली उभारलेल्या सी-६० पथकात तर याच जंगलातली, याच मातीतली पोरे. त्यांच्या विधवा मंडळाच्या सभासद नाहीत, कारण नियम! राखीव दलातून परत आलेला जवानही बाहेर, कारण नियम! आणि आता २०२२ सालच्या अग्निपथ योजनेने तिसरा गडी दाराशी आणून उभा केला आहे. चार वर्षे नोकरी, शंभरांतले जास्तीत जास्त २५ पुढे ठेवावयाचे. बाकीच्यांस सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यांतही निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्या योजनेच्या अटींत माजी सैनिकाचा दर्जाही नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी परत येणाऱ्या या पोरास खाणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा करणारा ठेकेदार तयारच असतो.

पेन्शन कोणास द्यावी हे सरकारच्या हाती आहे, आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण मंडळाचे दार कोणास उघडावे, हे तर आपल्या हाती आहे ना? ज्या दिवशी आपण 'हा आमच्यातला नव्हे' म्हणून शहीद पोलिसाच्या आईस पायरीवर थांबविले, त्या दिवशी आपण नवी सोवळेशाही सुरू केली. शेंडी नसली आणि टोपीवर बिल्ला असला, म्हणून सोवळे काही पवित्र होत नाही.

चौथी गोष्ट हिशेबाची. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिचे हिशेब तपासून घेणे भाग आहे, आणि विश्वस्त बदलले तर तेही कळविणे भाग आहे. पण आम्हांस कपाटातला हिशेब नको, चव्हाट्यावरचा पाहिजे. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहा. गोंडांचे लहानसे गाव, पण तेथे ग्रामसभेत सगळ्यांची संमती होईतो निर्णय होत नाही. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचे नाव आहे, आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार त्याने घेतला. ज्यांस शहरी माणूस रानटी म्हणतो, ते सर्वांसमक्ष कारभार करितात. आणि शिस्तीचा डांगोरा पिटणाऱ्यांस वर्गणीच्या वहीचा प्रश्न विचारला की राग येतो!

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, असे प्रश्न विचारल्याने शिस्त मोडते. आम्ही म्हणतो, पलटणीतला हुकूम पलटणीत. गावात आल्यावर सुभेदारास एक मत, शिपायास एक मत आणि विधवेसही एक मत. दुसरा, सैनिकांत जातीचा प्रश्न काढू नये. मान्य! मग जात पाळू नये, म्हणजे प्रश्न निघणारच नाही. तिसरा, मंडळाने राजकारण करू नये. तेही मान्य; म्हणून तर पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्यांस आधी मागे बसवा.

बंधु-भगिनींनो, तुमच्या घरात, भाऊबंदांत कोणी ना कोणी पलटणीत गेलेला असेल. धान कापणीची घाई सरली की मंडळाची सभा लागेल. त्या सभेस जा, घरातल्या बायांस बरोबर न्या, आणि उभे राहून एवढेच विचारा: या वर्षी किती विधवांचे कागद पुरे केले? वर्गणीचा हिशेब येथेच वाचून दाखविता काय? आणि अग्निवीर, जवान, शहीद पोलिसाची आई यांस सभासद करून घेता की नाही? उत्तर मिळाले तर त्या मंडळास तनमनधनाने साहाय्य करा. न मिळाले तर पुढच्या निवडणुकीत आपला माणूस उभा करा, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर शिपायाच्या विधवेस बसवा. पेन्शन कशी मिळत नाही, हे तिच्याइतके कोणास ठाऊक आहे?