डॅगवूडची पगारवाढ

सकाळचे वृत्तपत्र हाती पडताच आपण प्रथम अग्रलेख वाचतो असे सांगणाऱ्या गृहस्थांच्या सत्यनिष्ठेविषयी मला नेहमीच शंका वाटत आली आहे. अग्रलेख वाचणे हे कर्तव्य आहे, आणि कर्तव्ये माणूस चहा संपल्यावर करतो. चहाबरोबर वाचली जाते ती आतल्या पानावर शब्दकोडे आणि राशिभविष्य यांच्या शेजारी दाटीवाटीने बसविलेली तीन-चार चौकटींची हास्यचित्रपट्टी. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली अशा माणसाने या विषयावर, आणि तेही या साप्ताहिकात लिहावे, हे काही वाचकांना थिल्लरपणाचे वाटेल. परंतु मालक म्हणजे काय, नोकर म्हणजे काय, श्रीमंती कुठून येते, यांविषयी सामान्य माणसाच्या ज्या समजुती बनतात त्या नियोजन मंडळाच्या अहवालांवरून कधीच बनल्या नाहीत. त्या अशाच कुठेतरी हसता हसता बनतात. म्हणून हसण्याच्या जागा तपासून पाहणे हे वाटते तितके रिकामटेकडेपणाचे काम नाही.

या पट्टीचा जन्मच मुळी बाजारपेठेतला. न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर यांच्या 'वर्ल्ड' या पत्रात १८९५ पासून औटकॉल्ट नावाचे चित्रकार गलिच्छ वस्तीतल्या पोरांची चित्रे काढीत. त्यांतले पिवळा झगा घातलेले एक टकले, अनवाणी पोर अतोनात लोकप्रिय झाले. खप वाढला तसा प्रतिस्पर्धी हर्स्ट यांनी १८९६ मध्ये जादा पैसे देऊन औटकॉल्टना आपल्याकडे ओढले. पुलित्झर यांनी दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढवून घेणे चालू ठेवले. 'पीत पत्रकारिता' हा शब्द या पिवळ्या पोराच्या ओढाताणीतून रूढ झाला. दोन लक्षाधीश त्याच्यासाठी भांडत होते, पण त्या पोराला शेवटपर्यंत पायताण काही मिळाले नाही.

मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते डॅगवूड या प्राण्याने. आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांच्या वाचकांना तो ठाऊक आहे : कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांची शिंगे, हातात मनोऱ्याएवढे सँडविच, कार्यालयात मेजावर डोके टेकून झोप, आणि डिदर्स नावाचा तापट मालक मागून लाथ घालतो आहे. हा डॅगवूड मुळात कोण होता हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. चिक यंग यांनी ही मालिका ८ सप्टेंबर १९३० रोजी सुरू केली तेव्हा तो रेल्वेमालक कोट्यधीशाचा वारस होता आणि ब्लाँडी ही एक साधी, नाचगाण्यांत रमणारी मुलगी होती. मंदी अशी कोसळली, की श्रीमंत पोराचे चाळे पाहून हसण्याच्या मनःस्थितीत वाचक राहिला नाही. तेव्हा यंग यांनी युक्ती काढली. घरच्यांनी लग्नास नकार दिला म्हणून डॅगवूडने अन्नत्याग केला. हे उपोषण चालले २८ दिवस, ७ तास, ८ मिनिटे आणि २२ सेकंद. अखेर बापाने लग्नाला संमती दिली, पण वारसाहक्क काढून घेतला. १७ फेब्रुवारी १९३३ रोजी लग्न लागले आणि रेल्वेचा वारस पगारी कारकून झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्यात गांधीजींचा २१ दिवसांचा उपवास झाला. दोहोंची तुलना करण्याचा अविनय मी करणार नाही; एवढेच म्हणतो, की डॅगवूड त्यानंतर जो खात सुटला तो अजून थांबलेला नाही.

एका रात्रीत भांडवलदार वर्गातून नोकरदार वर्गात ढकलला गेलेला दुसरा नायक लोकप्रिय वाङ्मयात मला आठवत नाही. पण त्यापुढची गंमत पाहा. हा मनुष्य गेली नव्वद वर्षे मालकाकडे पगारवाढ मागतो आहे. कधी आर्जवाने, कधी बायकोने पढवून पाठविल्यावर, कधी मालकाची मिजास सांभाळून. प्रत्येक वेळी तो लाथ खाऊन बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर होतो. त्याच कार्यालयात आणखीही मेजे आहेत, त्या मेजांवर आणखीही माणसे आहेत. परंतु नव्वद वर्षांत एकदाही या माणसांनी एकत्र बसून चहा पिता पिता, 'आपण सगळे मिळून आत जाऊ या' असे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. मालकाचा स्वभाव तापट आहे, म्हणून पगार वाढत नाही. उद्या डिदर्स शांत झाला की वाढेल, अशी या मालिकेची अर्थनीती आहे. पद्धतीचा दोष स्वभावावर ढकलला की हसू येते आणि हसू आले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. आमच्या विद्यापीठांतले काही सिद्धान्तही याहून फार वेगळे नव्हते, फक्त त्यांत हसू नव्हते.

ब्लाँडीविषयी एकच नोंद करतो. १९३३ पासून तिने घर चालविले, त्याची गणना कुणाच्या राष्ट्रीय उत्पन्नात झाली नाही. १९९१ मध्ये तिने शेजारणीबरोबर मेजवान्यांचे पदार्थ पुरविण्याचा व्यवसाय काढला तेव्हा ती 'कामाला लागली' असे सर्वांनी म्हटले. आणि ज्या मालिकेतल्या नायकाला बापाने वारसा नाकारला, ती मालिका स्वतः मात्र १९७३ मध्ये चिक यंग वारल्यावर त्यांच्या मुलाकडे वारशानेच गेली.

डॅगवूडच्या मालिकेने जो प्रश्न टाळला तो दुसऱ्या एका अमेरिकन मालिकेने १९४८ मध्ये थेट विचारला. अल कॅप यांच्या 'लिल ॲबनर' या मालिकेत त्या वर्षी 'श्मू' नावाचा एक प्राणी अवतरला. भोपळ्यासारखा गुबगुबीत, हसरा, मिशीचे दोन-चार केस असलेला. तो अंडी देतो, दूध देतो, तळला तर कोंबडीची चव, भाजला तर उत्तम मांसाची. त्याच्या कातडीचे चामडे होते, डोळ्यांची बटणे होतात. त्याला स्वतःला काही लागत नाही. आणि तुम्ही भुकेल्या नजरेने नुसते पाहिले तरी तो आनंदाने मरून पडतो. शिवाय त्याची पैदास अशी, की साऱ्या देशाला पुरून उरावी. आता यात कुणाचे काय बिघडले? पण लोकांना अन्न फुकट मिळू लागताच दुकाने ओस पडली, कामगार मालकाची बोलणी ऐकेनासे झाले, आणि डुकराच्या मांसाचा व्यापार करणाऱ्या एका धनाढ्याने बंदूकवाल्यांची टोळी पाठवून श्मूंचा संहार करविला. विपुलता ही राष्ट्रीय आपत्ती ठरली!

एरिक ओलिन राइट या समाजशास्त्रज्ञाने १९९७ च्या आपल्या वर्गविषयक ग्रंथात हीच गोष्ट विवेचनासाठी घेतली, याचे मला आश्चर्य वाटत नाही. माणसाला पोटापुरते हमखास मिळाले तर नुकसान कुणाचे, हा प्रश्न इतक्या सोप्या शब्दांत मला वर्गात कधी मांडता आला नाही. आपल्याकडे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा, आणि २००५ मध्ये केंद्राने तसा कायदा केला तेव्हाही, 'आता शेतीला मजूर मिळणार नाहीत' हे वाक्य ज्या काळजीच्या सुरात उच्चारले जाई, तो सूर त्या मांसव्यापाऱ्याचा होता. स्वस्त धान्याच्या दुकानाविषयी बोलतानाही तोच सूर लागतो, आणि बोलणारे गृहस्थ बहुधा निवृत्तिवेतन घेत असतात. श्मूची पुढची कथा तर चित्रपट्टीबाहेरची. ज्या प्राण्याने कल्पनेतला बाजार मोडला, त्याच्या नावाने खऱ्या बाजारात खेळणी, घड्याळे, कपडे धडाधड खपले, आणि १९४९ मध्ये अमेरिकन सरकारच्या बालबचत रोख्यांवरही तो झळकला. अल कॅप स्वतः उतारवयात उजवीकडे झुकले व युद्धविरोधी विद्यार्थ्यांची टर उडवू लागले. असे आपल्याकडेही घडते. त्यासाठी चित्रकार असावे लागत नाही.

आपल्या इंद्रजाल मालिकेतल्या वेताळावरही लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. एकवीस पिढ्या गुहेत खजिना पडून, गुंतवणूक शून्य, आणि राखणीला बिनपगारी बुटके तिरंदाज! पण माझ्या पिढीतील अनेक निष्ठावंत कार्यकर्त्यांनी तो चोरून वाचलेला असल्यामुळे तो विषय मी येथेच सोडतो.

आपल्याकडच्या हसण्याची जात वेगळी आहे. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस १९५१ पासून चौकटीच्या कोपऱ्यात उभा राहिला. धोतर, चौकड्यांचा कोट, चेहऱ्यावर कायमचे कुतूहल. डॅगवूड निदान मागतो तरी. हा काहीच बोलत नाही. त्याची बायको बोलते, मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, हा ऐकतो. पुण्यात २००१ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. न बोलणाऱ्याचा पुतळा करणे सोयीचे असते हे खरे असले, तरी लक्ष्मण यांच्यावर मी तो आरोप करणार नाही. त्यांच्या चित्रातले मौन मंत्र्याला अधिक उघडे पाडीत असे. मौन त्या माणसाचे होते, चित्राचे नव्हे.

आणि चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा नोव्हेंबर १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला. म्हणजे नव्या आर्थिक धोरणाच्या जुलैमधल्या अर्थसंकल्पानंतर चारच महिन्यांनी. दोघे एका वर्गातले म्हणावयाचे. धोरण वाढून बाप्या झाले, चिंटू मात्र आहे तेवढाच राहिला. त्याच्या चौकटीत पप्पू, मिनी, बगळ्या यांना खेळायला जागा आहे, आणि चेंडू ज्यांच्या घरात जावा अशा जोशी काकूही आहेत. खऱ्या पुण्यात त्या जागेवर एव्हाना वाहनतळासह अकरा मजले उभे राहिले असते. चित्रात मुले मोठी होत नाहीत ही सोय आहे. मैदानही आक्रसत नाही, ही मात्र निव्वळ कल्पनाशक्ती होय.

चित्रपट्ट्या वाचण्याची सवय लागली, की मग रोजचा व्यवहारही चौकटींत दिसू लागतो. दर नोव्हेंबर महिन्यात निवृत्त माणसाला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पहिली चौकट : एका बँकेच्या खिडकीमागचे तरुण गृहस्थ मला पाहून उठून नमस्कार करतात. दुसरी चौकट : 'सर, गुडघे कसे आहेत?' तिसरी : मी यंत्रावर अंगठा ठेवतो, यंत्र नकार देते. दुसरे बोट, तिसरे बोट, पुन्हा नकार. चौथी : 'सर, आज तुम्ही नाही आहात. उद्या येता का?' उद्या म्हणजे दुसऱ्या दिवशी मी होतो. आम्ही दोघेही मनसोक्त हसलो, कारण माझे निवृत्तिवेतन चार दिवस पुढे गेले असते तरी घरात चूल पेटणारच होती. पण हीच चौकट रेशन दुकानात लावून पाहा. ज्या बाईच्या बोटांच्या रेषा विटा वाहून, भांडी घासून झिजल्या, तिलाच यंत्र सांगते, की तू ती नव्हेस. नियमांत डोळ्यांच्या बुबुळांचा आणि भ्रमणध्वनीवरील संकेतांकाचा पर्याय आहे. परंतु दुकानदाराला घाई असते, आणि भ्रमणध्वनी मुलाबरोबर कामावर गेलेला असतो. कष्टानेच कष्टकऱ्याची ओळख पुसावी, हा विनोद कुठल्याही चित्रकाराला सुचला नसता. तो कार्यालयात बसून कुणीतरी निविदा काढून तयार केला आहे.

आता प्रश्न असा, की आजच्या डॅगवूडचे चित्र कसे काढावयाचे? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा 'गिग' कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. घरोघर जेवण आणि वाणसामान पोचविणारी मुले यांतलीच. कंपन्या त्यांना कामगार म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा वाटून घेण्याचे ठरवितात ते भागीदार. या भागीदाराची दुचाकी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, पडला तर हाडही स्वतःचे. वाटून घेण्यासाठी त्याच्या वाट्याला पाऊस तेवढा येतो. आमच्या इमारतीच्या उद्वाहनाजवळ 'वस्तू पोचविणाऱ्यांनी जिन्याचा वापर करावा' अशी सूचना लावलेली आहे. घड्याळ चालू असताना तो पोरगा पाच मजले चढतो, पिशवी हातात देतो आणि धापा टाकीत म्हणतो, 'काका, पाच तारे द्या.' पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला मी. पण ज्याच्या अभ्यासक्रमाचा मला पत्ता नाही त्याला गुण देण्याचा प्रसंग यापूर्वी आला नव्हता. डिदर्सची लाथ वाईट खरी, पण तिच्यामागे एक पाय होता, पायामागे माणूस होता, आणि त्याच्या खोलीचे दार डॅगवूडला ठाऊक होते. या पोराने पगारवाढ मागण्यासाठी कुठले दार ठोठावयाचे? भ्रमणध्वनीतला मालक दिसत नाही, म्हणून तो चित्रात येत नाही. चित्रात येत नाही, म्हणून त्याला कुणी हसत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांचा उल्लेख आला, २०२३ मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यांवर आपण ठराव केले, निवेदने दिली. ती आवश्यकच होती. ती किती जणांनी शेवटपर्यंत वाचली हे मी विचारीत नाही, कारण त्यांतली दोन मीच लिहिली होती. आपल्या पत्रकांत 'तीव्र निषेध' असतो, 'जाहीर आवाहन' असते. हसू येईल असे एक वाक्य सापडत नाही. मालकवर्गाच्या वृत्तपत्रांनी मात्र सव्वाशे वर्षे ओळखून ठेवले आहे, की वाचक दार उघडतो ते हसण्यासाठी.

आपल्या संघटनेत चित्रे काढणारी तरुण मुले-मुली आहेत. निवडणुकीत भिंती रंगविण्यापलीकडे आपण त्यांच्याकडून काही काम घेत नाही. या साप्ताहिकाच्या संपादकांना माझी सूचना आहे, की शेवटच्या पानावर दर आठवड्यास चार चौकटींची जागा त्यांना द्यावी, आणि पहिली मालिका त्या पाच मजले चढणाऱ्या पोराची असावी. सभांच्या वृत्तान्तांतून हार घालणाऱ्यांची नावे गाळली, तर तेवढी जागा सहज निघेल.