फलंदाज की गोलंदाज?

सकाळच्या मुंबईकडच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, ट्रान्सजेंडर क्रिकेटपटू अनया बांगरचं नाव काढून बघा. 'संजय बांगरची ना ती?' हे पहिलं. मग हार्मोन्स, ऑपरेशन, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, रिअॅलिटी शोमध्ये ती कोणाला काय बोलली, सगळं पाठ. परवा मी विचारलं, ती फलंदाज की गोलंदाज? शेलू गेलं, वांगणी आली, उत्तर काही आलं नाही.

बायकांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांनी जे वाचलं त्यात क्रिकेट नव्हतंच. नोव्हेंबर 2024 मध्ये अनयाने स्वतःच्या बदलाची चित्रफीत टाकली आणि बातम्यांचा पूर आला. त्यांत वडिलांची, माजी कसोटीपटू संजय बांगरची, ओळख होती. आमच्या पिढीला 2002 ची हेडिंग्ले कसोटी आणि बांगरच्या त्या 68 धावा आजही आठवतात. पण मुंबईत इस्लाम जिमखान्याकडून आणि पुढे लेस्टरशायरमधल्या हिंकलीच्या क्लबकडून खेळलेल्या मुलीचा खेळ कसा होता, हे वाचायला बातमी तळापर्यंत चाळावी लागायची. तिथेही बहुधा एकच ओळ.

अनयाची तक्रार तर खेळाच्या नियमाबद्दलच होती. 21 नोव्हेंबर 2023 ला आयसीसीने नियम केला: पुरुषी वयात येण्याच्या टप्प्यातून गेलेल्या व्यक्तीला महिलांचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळता येणार नाही, मग शस्त्रक्रिया झालेली असो वा उपचार. त्याआधी दोनच महिने डॅनिएल मॅकगाही ही ट्रान्सजेंडर खेळाडू कॅनडाच्या महिला संघाकडून खेळली होती. सहा सामने, 118 धावा. हा आकडा वाचून कोणाला धडकी भरेल असं नाही, पण बातम्या वाचून भरली असती.

डब्यात माझ्या शेजारी एक आई होती. मुलगी अंबरनाथला क्रिकेटच्या सरावाला जाते, किटबॅगवरून रोज कोणाशी तरी वाजतं. ती म्हणाली, "ताई, सगळं खरं. पण उद्या माझ्या पोरीसमोर अशी कोणी बॉलिंगला आली तर?"

हा प्रश्न मागासलेला वगैरे अजिबात नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे उंची, हाडांची लांबी, स्नायू वाढतात. पुढे हार्मोन्स घेतले की हिमोग्लोबिन काही महिन्यांतच बायकांच्या पातळीवर येतं, स्नायूंची ताकद फार सावकाश उतरते, आणि उंची तर उतरतच नाही. यातलं किती मैदानावर उरतं, हे खेळागणिक वेगळं. आणि अव्वल दर्जाच्या खेळाडूंवरचा अभ्यास अजून तोकडाच आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी नियम कडक ठेवला तर मी समजू शकते. पण इंग्लंडच्या मंडळाने मे 2025 मध्ये महिलांच्या रविवारच्या हौशी क्लब सामन्यांतूनही ट्रान्सजेंडर स्त्रियांना वगळलं, ते मला पटलेलं नाही. त्या आईला ते पटेल. वाद घालायला जागा आहे, आणि तो घालण्याइतका मजकूर हातात यायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

जून 2025 मध्ये अनयाने मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात झालेल्या स्वतःच्या चाचण्यांचा अहवाल जाहीर केला: ताकद, दमसास, ऑक्सिजन, सगळं इतर महिला खेळाडूंच्या पट्ट्यात बसतं, असा तिचा दावा. एका खेळाडूचा अहवाल, त्यावरून सर्वांचा नियम ठरत नाही. पण एखाद्या क्रीडावैद्यकाला फोन करून चौकट छापायला हरकत नव्हती. मी वाचलेल्या बातम्यांत तिचे फोटो होते, डॉक्टर नव्हता.

घाईचा कळस पॅरिस ऑलिंपिकमध्ये झाला. 1 ऑगस्ट 2024, अँजेला कारिनीने 46 सेकंदांत लढत सोडली आणि इमान खलीफ जगभर 'पुरुष' ठरली. आपल्या वाहिन्याही त्यात मागे नव्हत्या. मुलगी म्हणून जन्मलेली, मुलगी म्हणूनच वाढलेली ही अल्जेरियन बॉक्सर ट्रान्सजेंडर नाही. तिच्या पात्रतेचा वाद वेगळा, आणि तो सुरू झाला आपल्याच दिल्लीत, मार्च 2023 च्या जागतिक स्पर्धेत तिला बाद केलं तेव्हा. तेव्हा दिल्लीत बसून कोणी तो नीट समजून घेतला असता, तर पॅरिसच्या वेळी वाचकांना सांगायला काहीतरी असतं.

2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या (नेरळच्या नव्हे, पाहुणे अजून चुकतात) डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. पानंच्या पानं भरली, आम्ही ती आनंदाने वाचली. आयसीसीने आपल्या नियमाचा दोन वर्षांत फेरविचार करू म्हटलं होतं. ती मुदतही त्याच महिन्यात संपली. फेरविचारात कोण बसलं, कोणते आकडे बघितले, महिला खेळाडूंना विचारलं का, हे क्रीडापानाच्या एखाद्या कोपऱ्यात वाचायला मला आवडेल. आणि त्याच बातमीत, जमलं तर, अनया डावखुरी आहे की उजवी तेही सांगावं. गाडीत पुन्हा विचारणार आहे.