चार्जिंग स्थानक उभे राहिले. ते चालणार किती तास?

गेल्या मे महिन्यात एका आप्ताच्या विवाहानिमित्त पुण्याहून कोल्हापूरला जाण्याचा योग आला. सोबत एक स्नेही सहकुटुंब होते. वाहन त्यांचेच आणि ते विजेवर चालणारे. निघण्याच्या गडबडीत गाडी पूर्ण चार्ज करून घेणे राहून गेले होते. तथापि महामार्गावर आता जागोजागी सोय झाली आहे, असा त्यांना विश्वास होता. सातारा मागे पडले तेव्हा गाडीतील वीज पंधरा टक्क्यांवर आली होती. मोबाइलवर मात्र दहा किलोमीटरवर जलद चार्जिंग स्थानक दिसत होते, त्यामुळे कोणी चिंता केली नाही.

स्थानक होते. वर झळाळता फलक होता, मान्यवरांच्या नावांची कोनशिला होती आणि उद्घाटनाच्या हाराचा सुतळी उरलेला अवशेषही खांबाला लोंबत होता. यंत्राचा पडदा तेवढा काळा होता. त्यावर लिहिलेल्या क्रमांकावर तीनदा दूरध्वनी केला. तिन्ही वेळा ‘आपण रांगेत आहात’ असे सांगणारा गोड आवाज ऐकून आम्ही तो ठेवून दिला. शेजारच्या टपरीवाल्याने चहा देता देता माहिती पुरवली, “वळवाच्या पावसात वीज कडाडली त्या दिवसापासून बंद आहे साहेब. पंधरा दिवस झाले. रात्री पाटी लागते, पण यंत्र लागत नाही.”

गाडीत स्नेह्यांची वृद्ध मातोश्री आणि चार वर्षांची नात. वातानुकूलन बंद करून, काचा खाली करून, मे महिन्याच्या उन्हात ताशी चाळीसच्या वेगाने आम्ही आणखी वीस किलोमीटर गेलो. तेथे एका उपाहारगृहाच्या अंगणात लहानसे, जुनाट दिसणारे तीस किलोवॅटचे यंत्र होते. खांद्यावर पंचा टाकलेले मालक स्वतः बाहेर आले. त्यांनी गाडीला नळी जोडली, आजींसाठी पंख्याखाली खुर्ची मांडली आणि चाळीस मिनिटांत आम्हाला पुढच्या प्रवासापुरती वीज मिळाली. त्या चाळीस मिनिटांत त्यांनी जे सांगितले, त्यातून या लेखाचा विषय सुचला.

आपल्याकडे एक समज दृढ झाला आहे. चार्जिंग स्थानक म्हणजे यंत्र आणायचे, भिंतीत खुपसायचे आणि नारळ फोडायचा. मालक हसून म्हणाले, “यंत्र सगळ्यात शेवटी आले हो. आधी डीपीसाठी सात महिने गेले.” (महावितरणच्या कागदपत्रांत याला ‘रोहित्र’ असा सुंदर शब्द आहे. महाराष्ट्रातील शेतकरी मात्र त्याला डीपीच म्हणतो आणि ती जळाली की काय होते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.)

थोडे गणित मांडले म्हणजे अडचण कोठे आहे ते ध्यानात येईल. मध्यमवर्गीय घराचा मंजूर विद्युतभार साधारण तीन ते पाच किलोवॅट असतो. साठ किलोवॅटचे एक जलद चार्जिंग यंत्र पूर्ण क्षमतेने चालू झाले की, बारा ते वीस घरांचा मंजूर भार एकट्याने उचलते. एका तासात ते साठ युनिट वीज गाडीत ओतू शकते. लहान कुटुंबाची ही दोन-तीन आठवड्यांची वीज झाली. गावाकडे जी ६३ केव्हीएची डीपी अवघ्या वस्तीला पुरवठा करते, ती असे एक यंत्र जवळजवळ संपूर्ण व्यापून टाकील. अशी चार यंत्रे ओळीने उभी करायची तर स्वतंत्र रोहित्र आले, ११ किंवा २२ हजार व्होल्टची वाहिनी आली, तिच्यासाठी खांब वा भूमिगत केबल आली, मीटरची खोली आली, भूसंपर्कनाचे खड्डे आले आणि विद्युत निरीक्षकाची परवानगी आली. घरातील विजेची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या गतीने पालटत असते, गाडीच्या बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. घरी हे रूपांतर गाडीतील छोटा चार्जर सावकाश, रात्रभर करतो. जलद स्थानकात तेच काम बाहेरच्या यंत्रातील मोठे रूपांतरक करतात. ते तापतात, त्यांना पंखे लागतात, पंख्यांना जाळ्या लागतात आणि महामार्गावरची धूळ त्या जाळ्यांत बसते. उपाहारगृहाचे मालक दर सोमवारी ती जाळी स्वतः काढून झटकतात. “रसोड्यातली चिमणी साफ करतो, तशीच हीसुद्धा,” असे ते सहज म्हणाले. आधीच्या त्या चकाकत्या स्थानकात सोमवारी जाळी झटकणारा कोणीच नव्हता, एवढाच काय तो भेद.

शासनाचे प्रयत्न कमी पडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्थानक चालवणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती एक सेवा आहे आणि तिच्यासाठी वीज कायद्याखाली परवान्याची आवश्यकता नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी निर्माण केली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक स्थानक असावे, ही अपेक्षाही २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांतलीच. २०१९ ते २०२४ या काळात ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा राबवला गेला. त्यातून मार्च २०२३मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील तीन तेल कंपन्यांना ७,४३२ जलद स्थानकांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. ऑक्टोबर २०२४पासून १०,९०० कोटींची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना सुरू झाली असून त्यातील २,००० कोटी चार्जिंगच्या सोयींसाठी राखून ठेवलेले आहेत. यंत्राच्या आधीची वाहिनी आणि रोहित्र यांच्या खर्चालाही तिने हात दिला, हे विशेष. कारण खरा अडसर तेथेच होता. संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिसेंबर २०२४मध्ये देशातील सार्वजनिक स्थानके २५ हजारांच्या वर गेली होती. त्यांत कर्नाटक पहिला आणि आपला महाराष्ट्र दुसरा. २०२५च्या राज्याच्या धोरणाने तर द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकरही माफ केला.

मग दुखते कोठे? दुखते ते मोजण्याच्या पद्धतीत. आपण स्थानके मोजतो, पण ती किती तास चालली हे सहसा मोजत नाही. सातारच्या पुढचे ते काळ्या पडद्याचे यंत्र सरकारी आकडेवारीत एक गणले जाते आणि उपाहारगृहाच्या अंगणातले यंत्रही एकच गणले जाते. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र पहिल्याची किंमत शून्यापेक्षा उणी आहे. ते तेथे नसते, तर आम्ही साताऱ्यातच थांबून सोय पाहिली असती. पेट्रोल पंप बंद असला तर पुढचा गाठता येतो. विजेच्या गाडीचा प्रवासी त्या स्थानकाच्या भरवशावर आपले उरलेले अंतर आखतो.

अमेरिकेने २०२३मध्ये केंद्रीय निधीतून उभारलेल्या महामार्गांवरील स्थानकांना अट घातली, की प्रत्येक यंत्र वर्षातील ९७ टक्क्यांहून अधिक काळ चालू असले पाहिजे. ब्रिटनने त्याच वर्षी नियम केला, की जलद यंत्रांचे जाळे सरासरीने ९९ टक्के काळ विश्वासार्ह असावे, अन्यथा दंड. परदेशात होते म्हणून ते आपल्याकडे हवे, अशा मताचा मी नाही. पण येथे नियमामागचा विचार साधा, घरगुती शहाणपणाचा आहे. जनतेच्या पैशातून अनुदान घेतलेल्या प्रत्येक यंत्राच्या चालू तासांचा हिशेब जनतेला दिसला पाहिजे आणि अनुदानाचा मोठा हिस्सा त्या तासांच्या प्रमाणात, तीन वा पाच वर्षांत विभागून दिला पाहिजे. तसे झाले तर यंत्र बसवून निघून जाणारा कंत्राटदार पाच वर्षे त्या यंत्राशी बांधला जाईल.

दुसरा प्रश्न जागेचा. येथे माझे मत काहीसे वेगळे आहे आणि ते काही वाचकांना धाडसी वाटण्याचा संभव आहे. जलद चार्जिंगचे अर्थकारण मोठे विचित्र आहे. दिवसातील बहुतांश वेळ यंत्र रिकामे असते, पण मंजूर भाराचा स्थिर आकार गाडी येवो न येवो भरावाच लागतो. स्थानकावर चोवीस तास माणूस ठेवावा तर त्याचा पगार सुटत नाही आणि न ठेवावा तर स्थानक अनाथ होते. यावर उपाय एकच. ज्या ठिकाणी उच्चदाबाची वीज, मोकळी जागा आणि रात्रपाळीचा वीजतंत्री हे तिन्ही आधीच उपलब्ध आहेत, तेथे स्थानक न्यावे. अशी ठिकाणे महाराष्ट्रात डझनांनी आहेत. ती म्हणजे आपले सहकारी साखर कारखाने.

पुणे-कोल्हापूर मार्गाचेच उदाहरण घ्या. महामार्गापासून थोड्या अंतरावर, दोन्ही बाजूंना कारखान्यांची धुराडी दिसतात. त्यांतले अनेक उसाच्या चिपाडापासून स्वतःची वीज तयार करतात आणि उरलेली ग्रिडला देतात. त्यांच्या आवारात उच्चदाबाचे स्वतंत्र उपकेंद्र असते. गाळप हंगामात फिटर आणि वीजतंत्री तिन्ही पाळ्यांत हजर असतात, बिगरहंगामातही देखभालीचा कर्मचारीवर्ग असतो. कित्येक कारखाने आणि संघ आज पेट्रोल पंप चालवतातच. मग त्याच पंपाशेजारी चार जलद यंत्रे चालवणे त्यांना अशक्य का व्हावे? ज्या शेतकऱ्याच्या उसातून पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल निघते, त्याच उसाच्या चिपाडावर मुंबईची गाडी कोल्हापूर गाठील.

एसटीच्या आगारांचाही असाच विचार व्हावा. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी धावू लागली. आगारातले चार्जिंग यंत्र बंद पडले तर सकाळची फेरी रद्द होते, प्रवासी आगारप्रमुखाच्या खोलीत शिरतात. त्यामुळे रात्री दोन वाजता कोणीतरी उठून ते पाहतो. महामार्गावरच्या अनाथ यंत्राला नेमका असा जाब विचारणारा हवा आहे.

स्वदेशीचा विषयही येथे टाळता येत नाही. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो. त्या परावलंबनातून सुटण्यासाठी विजेची गाडी हवी. परंतु यंत्राच्या पोटातील शक्ती-रूपांतरक आणि नियंत्रणाचे सुटे भाग जर पुन्हा चीनहूनच येणार असतील, तर एका दाराने काढलेले परावलंबन दुसऱ्या दाराने घरात शिरेल. एप्रिल २०२५मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाला त्याची झळ लागलीच. बिघडलेले यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहते, त्याचेही एक कारण सुटा भाग दूरवरून येण्याची वाट पाहणे हेच असते. जेथे आपण मन लावले तेथे यश आले आहे. हलक्या वाहनांसाठी बेंगळुरूच्या एथर कंपनीने विकसित केलेल्या जोडणीला भारतीय मानक ब्यूरोने २०२३मध्ये राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. मोटारींच्या बाबतीत मात्र आपण युरोपीय जोडणी स्वीकारली. ते व्यवहार्यच होते. आता निदान तिच्या मागचे यंत्र पिंपरी-चिंचवड, नाशिक वा कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुरुस्त होईल, एवढी तरी व्यवस्था हवी. फाउंड्री आणि यंत्रकामात ज्या कोल्हापूरने नाव मिळवले, त्याला शक्ती-रूपांतरकाची पेटी उघडून जळलेला भाग बदलणे शिकता येणार नाही, असे मी मानत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वीजतंत्री अभ्यासक्रमात हा विषय प्रत्यक्ष यंत्रासह आणायला हवा, फळ्यावर आकृती काढून तो यायचा नाही.

कोणी म्हणेल, ‘वीज तरी कोठून येते? कोळशातूनच ना?’ आक्षेप खोटा नाही. देशातील विजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपासचा वाटा अद्याप कोळशाचाच आहे. पण कोळसा बव्हंशी आपल्या भूमीतला आहे, तेल नाही. शिवाय दिवसाढवळ्या सूर्यापासून मिळणारी वीज आता उपलब्ध आहे आणि केंद्राच्या धोरणातही सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत चार्जिंगचा दर कमी ठेवण्याची तरतूद आहे. महामार्गावरची जेवणाची वेळ आणि सूर्याची वेळ एकच, हा योगायोग आपल्या पथ्यावरच पडणारा आहे. उपाहारगृहाच्या मालकांनी तो केव्हाच हेरला. त्यांच्या छपरावर सौर पट्ट्या बसल्या आहेत आणि साठ किलोवॅटच्या दुसऱ्या यंत्रासाठी नव्या रोहित्राचा अर्ज गेला आहे. ग्राहक हक्क नियमांनुसार ग्रामीण भागात नवी जोडणी १५ दिवसांत मिळायला हवी. परंतु वाहिनी वाढवावी लागली की ती मुदत लागू होत नाही आणि जलद स्थानकाला वाहिनी वाढवावी लागतेच. मी तेथे गेलो तेव्हा त्यांच्या अर्जाला चार महिने झाले होते.

सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हायच्या असतात. या साप्ताहिकाचे अनेक वाचक अशा कारखान्यांचे सभासद आहेत. महामार्गालगतच्या एखाद्या कारखान्याच्या सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत, कोणी उठून एवढेच विचारावे, की आपल्या उपकेंद्रात किती किलोवॅट भार शिल्लक आहे आणि पंपाशेजारची मोकळी जागा किती गुंठे आहे.