आधी, नंतर आणि मधले दिवस

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात आरोग्य सप्ताह साजरा झाला. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणारे माझे सहकारी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे दोन फोटो हवे होते. एक ऑपरेशनच्या आधीचा, एक नंतरचा. भित्तिपत्रकावर शेजारी शेजारी लावू. मुलांना प्रेरणा मिळेल." त्यांचा हेतू निर्मळ होता. तरीही मी नकार दिला. जुना फोटो दाखवायची मला लाज वाटते, असा समज त्यामुळे स्टाफरूममध्ये पसरला. तो दूर करण्याच्या भानगडीत मी तेव्हा पडले नाही. वास्तविक माझा आक्षेप त्या दोन चित्रांच्या मांडणीला होता. हा आक्षेप मुळात कथनाविषयीचा असल्यामुळे साहित्याच्या वाचकांपुढे तो ठेवावा, असे वाटले.

प्रथम वस्तुस्थिती सांगते. जानेवारी २०२० मध्ये माझ्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा माझे वजन ११८ किलो होते आणि उंची पाच फूट दोन इंच. मधुमेह होता, झोपेत श्वास अडकत असल्यामुळे रात्री तोंडावर यंत्राचा मुखवटा लावून झोपावे लागे. 'स्लीव्ह' नावाच्या या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे ठेवतात. काढलेल्या भागातच 'घ्रेलिन' हे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढले. म्हणजे या शस्त्रक्रियेने पोटातली जागा कमी होते आणि भूक हा अनुभवही काही काळ बदलून जातो. या उपचाराविषयी माझी तक्रार नाही. यंत्राचा मुखवटा सुटला, साखर आटोक्यात आली, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात मी न थांबता पोचू लागले. ज्याला वैद्यकीय गरज आहे त्याने संकोच बाळगू नये, हे मी आजही सांगते.

'बेरिॲट्रिक' या शब्दाच्या मुळाशी वजन या अर्थाचा ग्रीक शब्द 'बारोस' आहे. त्याच कुळातला, जड या अर्थाचा 'बारुस' हा शब्द आणि आपला 'गुरु' हे सगोत्र आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. गुरु म्हणजे मुळात जड. मराठीनेही हा मान जपला आहे. माणसाच्या शब्दाला वजन असते, व्यक्तिमत्त्व भारदस्त असते. उलट माणूस हलक्या कानाचा किंवा हलक्या मनाचा असतो. बाळ गुटगुटीत हवे, सून खात्यापित्या घरची हवी. आजारातून उठलेल्याला 'तब्येत सुधारली' असे म्हणताना अंगावर मांस चढले, हेच आपल्याला सांगायचे असते. मात्र हा सगळा गौरव एका मर्यादेपर्यंतच पोचतो. ती ओलांडली की तीच भाषा 'लठ्ठंभारती' म्हणते, 'ढोली' म्हणते, 'सुटली आहे' म्हणते. मी वीस वर्षे शिकवले. माझ्या शब्दाला वर्गात वजन होते आणि माझ्या वजनाला वर्गात एक टोपणनाव होते. दोन्ही मला ठाऊक होते.

आपल्या वाङ्मयात लठ्ठ माणूस बहुधा विनोदाच्या दाराने येतो. 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' मी अनेक वर्षे शिकवला आहे. नायक वजन उतरवायला निघतो आणि अख्खी चाळ सल्ले देऊ लागते. पु. लं.ची मार्मिकता अशी की तिथले हसू नायकाच्या देहापेक्षा सल्लागारांच्या उत्साहावर अधिक खर्च होते. पण तिथे बोलणारा पुरुष आहे. तो स्वतःच्या पोटावर हसू शकतो आणि त्याने त्याचे काही बिघडत नाही. असे स्वतःवर हसून मोकळी होणारी लठ्ठ बाई मराठी वाङ्मयात मला फारशी भेटली नाही. मीही माझ्या देहाविषयी विनोद करीत असे. समोरच्याने करण्याआधी आपणच केलेला बरा, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

आता 'नंतर'विषयी. शस्त्रक्रियेनंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि महाविद्यालये बंद झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मी ७६ किलोंची होते. मधल्या पावणेदोन वर्षांत मला घरच्यांखेरीज फारसे कोणी पाहिले नव्हते. त्यामुळे सर्वांच्या दृष्टीने माझी गोष्ट दोनच चित्रांची झाली. मार्च २०२० मध्ये एक बाई गेली आणि एक दुसरीच परत आली. मधले काहीही दिसले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

मधले असे होते. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग वाटलेले, मग मऊ, दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. अर्ध्या पोळीला अर्धा तास. जेवताना पाणी घ्यायचे नाही. आधी आणि नंतर निदान अर्धा तास थांबायचे. रोज साठ ग्रॅम प्रथिने मोजायची. चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात येऊ लागले. लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या. दंडांवर आणि पोटावर कातडी लोंबू लागली, जी कोणत्याही फोटोत साडीच्या आड असते. आईने वाढलेला गोडाचा शिरा चौथ्या घासाला थांबवावा लागला, तेव्हा ती काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली. आमच्या घरात माया वाढूनच दाखवली जाते. ती स्वीकारण्याचा दुसरा मार्ग आम्हा दोघींना शोधावा लागला, आणि तो अजून नीट सापडलेला नाही.

याच काळात माझ्या लक्षात आले की, बरे होत होत बारीक होण्यासाठी मराठीत धड क्रियापद नाही. वाळणे, सुकणे, झडणे, रोडावणे, खंगणे ही सगळी दुखण्याची किंवा दारिद्र्याची क्रियापदे आहेत. 'सडपातळ', 'शेलाटी' ही विशेषणे आहेत खरी, पण ती असण्याची आहेत, होण्याची नाहीत. मावशी भेटल्या भेटल्या म्हणाली, "अगं, किती खंगलीस!" तरुण सहकारी म्हणाली, "मॅडम, काय मस्त बारीक झालात!" दोघी एकाच देहाविषयी बोलत होत्या. मावशीच्या पिढीने दुष्काळ ऐकला-पाहिला आहे. तिच्या शब्दात शतकांची भूक होती, म्हणून तो मला अधिक प्रामाणिक वाटला.

या भुकेपाशी माझी खरी अडचण सुरू होते. मी शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' शिकवते. १९८४ सालच्या या आत्मकथनात भूक आहे; अपमानाइतकीच टोकदार आणि त्याच्याशी घट्ट बांधलेली. शस्त्रक्रियेआधी ते शिकवताना मला संकोच वाटे. भुकेविषयी बोलणाऱ्या माझ्या देहाकडे मुले पाहत आहेत, हे मला जाणवे, आणि मागच्या बाकावरचे हसू कशासाठी आहे ते मला कळे. परतल्यावर तेच पुस्तक शिकवायला घेतले, तर कोणी हसले नाही. वर्ग गंभीर होता. मी तेच मुद्दे, त्याच क्रमाने मांडले होते. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता; मला संताप आला. भूक घालवण्यासाठी पैसे मोजून आलेली बाई भुकेविषयी बोलत होती, तरी तिचे बोलणे आता पटण्याजोगे ठरले होते. यातले ढोंग माझे किती आणि ऐकणाऱ्यांचे किती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

नंतर असे अनेक ठिकाणी घडले. चर्चासत्रांना अध्यक्ष म्हणून बोलावणी आली. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहीनाशी झाली. कापडाच्या दुकानातला माणूस डोळ्याला डोळा देऊन बोलू लागला. हा सगळा मान आवडतो, हे कबूल केले पाहिजे. पण तो घेताना प्रत्येक वेळी जाणवते की, हा मान त्या पहिल्या बाईला नाकारलेला होता. तिने पीएच.डी. केली, वडिलांचे आजारपण काढले, शेकडो मुलांना वाचायला शिकवले. ऑपरेशनचा निर्णयही तिचाच. भित्तिपत्रकावर डावीकडे लावले की ती केवळ एक चूक ठरते आणि उजवीकडची मी तिची दुरुस्ती.

अमेरिकन लेखिका आणि प्राध्यापिका रोक्सेन गे यांनी २०१७ साली 'हंगर' हे स्वतःच्या देहाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात विजयाची, बारीक झाल्याची गोष्ट नाही. पुढच्याच वर्षी जानेवारीत त्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिच्याविषयीही लिहिले. आपण प्रतारणा केली असे लोकांना वाटेल, ही धास्ती त्यांनी लपवली नाही. आधीच्या पुस्तकातला देह त्यांनी नंतरच्या लेखनात नाकारला नाही, हे मला त्यातले मोलाचे वाटते. आपल्या दलित आत्मकथनांनी हे याहून कितीतरी आधी केले आहे. शिक्षण मिळाले, नोकरी लागली, तरी मागच्या माणसाला टाकून द्यायचे नाही, हे भान त्यांनी मराठी गद्याला दिले. दोन्ही दुःखांची बरोबरी करण्याचा माझा विचार नाही, तशी ती होऊही शकत नाही. पण देहाविषयी लिहिताना वळून पाहायला आपल्याकडे नमुना आहे, एवढे निश्चित.

२०२५ साली वजन घटवणारी नवी इंजेक्शनेही भारतात आली. दोन चित्रांच्या गोष्टी आता वाढतच जाणार. म्हणून वर्गात आत्मकथन शिकवणाऱ्या आपण सर्वांनी विद्यार्थ्यांना अशा गोष्टीपाशी थोडे थांबवावे, असे मला वाटते. मधला काळ कुठे गेला, पहिल्या चित्रातल्या माणसाला कोणी काही विचारले होते का, आणि दुसऱ्या चित्रानंतर काय झाले, हे प्रश्न कोणत्याही कथनाला विचारता येतात.

दुसऱ्या चित्रानंतर माझे असे झाले की आज माझे वजन ८४ किलो आहे. भूक थोडी परत आली आहे आणि डॉक्टरांच्या मते हे अपेक्षितच आहे. सहकाऱ्यांना मी शेवटी एक फोटो दिला. २०१८ च्या स्नेहसंमेलनातला, ध्वनिक्षेपकासमोर बोलत असतानाचा. त्याखाली फक्त माझे नाव आणि विषय लिहावा, अशी विनंती केली. तो त्यांनी लावला नाही. सप्ताहाच्या विषयाशी त्याचा संबंध लागत नव्हता, असे त्यांनी मला नम्रपणे सांगितले.