कापसावर उभी राहिलेली शाळा

खानदेशच्या कुणब्यास कापूस म्हणजे काय हे सांगावयास नको. पण कापसाच्या पैशावर पोरांची शाळा उभी राहिल्याची हकीकत थोड्यांसच ठाऊक असेल, म्हणून ती येथे देतो.

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांस अर्पण केले, त्यांनी काळ्या लोकांस दास्यातून सोडविले खरे. परंतु दास्य सुटले म्हणून शाळेचे दार उघडले नाही. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांची शाळा निराळी, काळ्यांची निराळी. आणि ही निराळी म्हणजे खेड्यात बहुधा एकच खोली, एकच मास्तर, सगळ्या इयत्ता एकत्र. बुकर वॉशिंग्टन व शिकागोचे व्यापारी रोझेनवाल्ड यांच्या योजनेतून 1932 पर्यंत अशा लोकांसाठी जवळजवळ 5 हजार शाळा बांधल्या गेल्या. अट अशी, की गावाने आपला वाटा उचलावा. कोणी जागा दिली, कोणी लाकूड. सुतारांनी हात दिले. कोठे शेताचा तुकडाच शाळेच्या नावाने पेरून त्याचा कापूस विकला. अखेर हिशेब झाला तेव्हा रोझेनवाल्ड फंडापेक्षा या गरिबांचीच रक्कम थोडी अधिक भरली. सरकारचा कर ते भरीत होते तो वेगळाच!

आता आपल्या घरचे पाहू. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महाराच्या मुलास घेतले नाही. 1919 साली शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून सर्वांस एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. 1923 साली मुंबई सरकारने अशी मुले नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान बंद करण्याचे ठरविले. कागद झाला, गाव तेच राहिले. 1929 साली सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत आले, तेव्हा चाळीसगावी टांगेवाले त्यांस नेईनात. अखेर ज्यास सवय नाही अशाने टांगा हाकला, तो उलटला आणि साहेबांचा पाय मोडला. ज्यांस बॅरिस्टर टांग्यात चालत नाही, त्यांस त्याच्या जातीचे पोर आपल्या पोराशेजारी कसे चालावे? टांगेवाले काही भटजी नव्हते. पोरांस ओसरीवर बसविणाऱ्यांत आमचे पाटीलही होते, हे झाकून काय उपयोग?

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. नमुना म्हणून तोरणमाळचे नाव घेतले. पट का घटला? परवडले त्यांनी आपली पोरे इंग्रजी शाळेच्या गाडीत बसविली. अनेक गावी खोलीत उरली ती भिल्लाची, पावऱ्याची, ऊसतोड मजुराची. निराळी शाळा पुन्हा आलीच, फक्त हुकुमावाचून. अमेरिकेत 1954 साली न्यायालयाने निराळ्या शाळा बेकायदा ठरविल्या, ते योग्यच झाले. पण पुढे कुलुपे काळ्यांच्याच शाळांस लागली, आणि त्यांचे हजारो मास्तर घरी बसले.

तेव्हा गावकऱ्यांनी येत्या ग्रामसभेत हजेरीपट मागावा. कोणत्या वस्तीची किती पोरे, पावसाळ्यात नाला भरल्यावर सहा वर्षांचे पोर पलीकडच्या शाळेत कसे जाणार, हे लिहून ठराव करावा. आणि ठरावावर सही करणाराचे पोर कोणत्या शाळेत जाते, तेही त्याच कागदावर लिहावे.