मोठ्या आतड्याचा कर्करोग : कुठे जास्त, कुठे कमी, आणि का?



गेल्या महिन्यात एका गावी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. ते आटोपून चहा घेत असताना एक गृहस्थ जवळ येऊन बसले. त्यांचा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. वय अवघे चव्वेचाळीस. त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. ते म्हणाले, "साहेब, ही शहराकडची बिमारी म्हणतात. आपल्या खेड्यात न्हाई ना ती?"

मी शेतकी पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न ताटाशी जोडलेला आहे, आणि ताट शेताशी. शिवाय माझ्या स्वतःच्या घरात या रोगाने एक जागा रिकामी केली आहे. म्हणून आजचे सदर खत-बियाण्याला बाजूला ठेवून या विषयाला देत आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. लहान आतड्यातून पुढे सरकलेले अन्न मोठ्या आतड्यात येते. ही साधारण पाच फुटांची नळी असते आणि तिच्या शेवटी गुदाशय असतो. या नळीच्या आतल्या अस्तरावर वय वाढेल तसे काहींना मांसाचे लहान कोंब येतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात, थोडे मात्र बिघडतात. कोंबाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचे कपडे धुतल्याने काही होत नाही.

आता कुठे किती ते पाहू. सन २०२२ मध्ये जगात या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ९ लाख माणसे दगावली. पण हा भार सगळीकडे सारखा नाही. डेन्मार्क, नॉर्वे, हंगेरी या देशांत दर लाख लोकांमागे वर्षाला ४० हून अधिक नवे रुग्ण, तर आपल्या देशात ५ च्या आसपास. म्हणजे आठ-नऊ पटींचा फरक झाला!

कोणी विचारील, तिकडे म्हातारी माणसे जास्त, म्हणून रोगही जास्त असेल. शंका रास्त आहे. पाच वर्षांच्या आंबाबागेची पंधरा वर्षांच्या बागेशी तुलना करून "याची कलमे वाईट" असे आपण म्हणत नाही. झाडांचे वय धरून हिशेब करतो. या आकड्यांतही लोकांचे वय धरून तसाच हिशेब केलेला असतो. तरीही फरक एवढा उरतो.

आपल्या महाराष्ट्रातही असेच आहे. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. ती देशातली अशी पहिली नोंदणी. खेड्यातली पहिली नोंदणी १९८७ साली सुरू झाली, तीही आपल्याच राज्यात, बार्शीला. बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतील गावोगाव जाऊन तेथील कार्यकर्ते रुग्णांची माहिती घेतात. या दोन वह्या शेजारी ठेवल्या तर मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईत जास्त आणि बार्शीकडच्या खेड्यांत पुष्कळ कमी दिसतो. दोन्हीकडे भाषा एक, देवदैवते एक, अनेकांचे तर आडनावही एक. मग फरक कशाने?

आपण शेतकरी असा प्रश्न नेहमीच सोडवतो. एका शेतात पीक जोमदार आणि दुसऱ्यात खुरटे निघाले, तर आधी विचारतो, फरक बियाण्याचा की जमिनीचा? तेच बियाणे दुसऱ्या जमिनीत पेरून पाहिले की उत्तर मिळते. माणसांच्या बाबतीत असा प्रयोग आपोआप घडला. जपानात हा रोग पूर्वी फार कमी होता. तेथील पुष्कळ कुटुंबे हवाई बेटांवर आणि अमेरिकेत जाऊन राहिली. तेथील खाणेपिणे अंगवळणी पडले, आणि एक-दोन पिढ्यांतच त्यांच्यात हा रोग अमेरिकन लोकांइतका होऊ लागला. पुढे खुद्द जपानातही राहणी बदलली आणि तिथेही हा रोग वाढला. बियाणे तेच राहिले, जमीन बदलली!

डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश शल्यवैद्य युगांडात अनेक वर्षे काम करीत होते. इंग्लंडमध्ये नित्य दिसणारा हा रोग आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांतील रुग्णालयांत क्वचितच दिसतो, हे त्यांनी ठिकठिकाणी विचारपूस करून पाहिले. १९७१ साली त्यांनी मांडले की, तिकडचे लोक कोंड्यासकट धान्य, कंद आणि भाज्या खातात, हे त्याचे मोठे कारण असावे. पुढच्या संशोधनात आणखी कारणे निघाली, पण चोथ्याची गोष्ट टिकून राहिली.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातले वीस कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस जण निवडले. दोघांचे मूळ आफ्रिकेचेच, पण शहरातल्या अमेरिकनांत हा रोग लाखात ६५ आणि खेड्यातल्या आफ्रिकनांत ५ हूनही कमी. दोन आठवड्यांसाठी त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकनांच्या आहारातला चोथा रोजी १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला आणि चरबी कमी केली. आफ्रिकनांचा चोथा ६६ वरून १२ ग्रॅमवर आणला आणि मांस व चरबी वाढवली. अवघ्या चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्याची स्थिती सुधारल्याच्या खुणा दिसल्या, आणि आफ्रिकनांच्या आतड्यात बिघाडाच्या खुणा उमटल्या. दोन आठवड्यांत कोणाला कर्करोग झाला नाही की कोणाचा टळला नाही, पण वारे कोणत्या दिशेचे ते कळले.

चोथा काय करतो? आपला कंपोस्टचा खड्डा आठवा. त्यात काडीकचरा घातला तर जिवाणू त्याचे सोन्यासारखे खत करतात. मोठ्या आतड्यातही असंख्य जिवाणू आहेत. धान्याचा कोंडा, डाळीचे टरफल, भाजीच्या शिरा हे त्यांचे खाद्य. ते कुजवून जिवाणू जे आम्ल तयार करतात त्यावर आतड्याचे अस्तर पोसले जाते. शिवाय मळ मऊ राहतो आणि वेळेवर पुढे सरकतो.

चोथ्याइतक्याच महत्त्वाच्या इतर गोष्टी अशा : दारू, विडी-सिगारेट, सुटलेले पोट आणि बैठे काम हा धोका वाढवतात. खारवून, धुरी देऊन टिकवलेल्या मांसाने हा रोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले आहे. थोड्या घरांत हा रोग रक्तातूनही येतो. त्यांची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगतो.

आता आपल्या ताटाकडे या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये आपल्या अन्नधान्यांची पृथक्करणे प्रसिद्ध केली. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, बाजरीत ११, गव्हाच्या कोंड्यासह पिठात ११. सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र ३ ग्रॅमही नाही, आणि मैद्यातही तेवढाच कमी. मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम चोथा हवा. ज्वारीच्या दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या की १५ ग्रॅम तिथेच झाला. उरलेला मटकी, हुलगा, हरभरा, मेथी, शेपू, गवार यांतून सहज निघतो.

म्हणजे बार्शीच्या वहीतला तो लहान आकडा आपल्या आजी-आज्यांच्या ताटातून आणि पायपिटीतून आलेला असणार. पण ते ताट आज राहिले आहे का? खरिपाची ज्वारी गेली, सोयाबीन आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पैसा लागतोच. पण सकाळी चहाबरोबर बिस्किटे आणि खारी, दुपारी रेशनचा भात, पोरांच्या हातात वेफर्सचे पाकीट, शेतापर्यंत मोटारसायकल आणि संध्याकाळी नाक्यावर बैठक, हे आता शहराचे राहिलेले नाही. शहर आपल्या उंबऱ्यात आले आहे, त्याच्यामागून त्याचे रोगही येतील. माझे सांगणे एवढेच की विकायला काहीही पेरा, पण घरच्या खाण्यापुरती ज्वारी-बाजरी, दोन ओळी हुलगा-मटकी आणि परसात पालेभाजी ठेवा. पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा गुरांना घालू नका.

इथवरचे ऐकून कोणाला वाटेल, आम्ही भाकरी खातो, आम्हाला भीती नाही. इथेच घात होतो. तो माझ्याच घरात झाला.

माझे थोरले चुलतभाऊ, आमचे दादा, शेतीच करीत. निर्व्यसनी, माळकरी. आयुष्यभर भाकरी खाल्लेला, दहा मैल चालणारा माणूस. साठीच्या सुमारास त्यांना शौचाला रक्त पडू लागले. दिवाळीला गेलो तेव्हा त्यांनी मला बाजूला नेऊन हळूच सांगितले. आणि मी, बी.एस्सी. झालेला माणूस, म्हणालो, "दादा, उष्णता असेल. मूळव्याध असेल. ताक घेत जा." कर्करोगाचे नावही माझ्या मनात आले नाही. भाकरी खाणाऱ्याला, माळकऱ्याला कसला आलाय कर्करोग! मग कोणीतरी सांगितलेल्या ठिकाणी मूळव्याधीचा इलाज झाला. औषधे झाली, पथ्ये झाली. दीड वर्षात कोणीही बोट घालूनसुद्धा तपासले नाही. दादांचे वजन उतरले, चेहरा पांढराफटक पडला. वहिनी म्हणायच्या, "रानातली कामं झेपंनात आता, वय झालं." शेवटी पोट फुगून आतडे बंद झाले तेव्हा इस्पितळात नेले. रोग यकृतापर्यंत गेला होता. शस्त्रक्रियेनंतर दादा आठ महिने जगले.

पीक हातचे गेल्यावर फवारणीचे वेळापत्रक आठवावे, तसे मला मागाहून सगळे आठवले. जिथे रोग कमी, तिथे संशयही कमी. जिथे संशय कमी, तिथे रोग उशिरा सापडतो. लाखात पाच हा आकडा लाखाचा आहे. ज्याला रोग झाला त्याच्यापुरता तो शंभर टक्केच असतो. शिवाय आपला देश एवढा मोठा की लाखात पाच धरूनही वर्षाला सुमारे ६५ ते ७० हजार नवे रुग्ण निघतात. आणि हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील अशा रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांचे सरासरी वय ४७ होते.

म्हणून या खुणा घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवाव्यात :

शौचातून रक्त पडणे, मग ते लाल असो की काळपट. पोटाची सवय बदलून तीन आठवड्यांत पूर्ववत न होणे. कधी जुलाब, कधी कोंडा. शौचाला जाऊनही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे. कारणाशिवाय वजन घटणे. पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या अंगातले रक्त कमी होणे. पोटात वारंवार कळ येणे किंवा गाठ लागणे.

यातले बहुतेक वेळा साधे मूळव्याधीचेच निघते. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, आपण नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन स्पष्ट सांगा आणि गुदद्वाराची तपासणी करा म्हणा. गरज पडल्यास पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने आतडे पाहतात. त्यात कोंब सापडला तर तिथल्या तिथे काढता येतो, म्हणजे रोग होण्याआधीच बांध घातला जातो. अमेरिकेचा अनुभव असा की रोग आतड्यापुरताच असताना सापडला तर शंभरातले नव्वद रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड बरोबर न्या. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा रोग झाला आहे, त्यांनी त्रास नसतानाही चाळिशीत एकदा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दादांच्या दोन्ही मुलांची तपासणी आम्ही करून घेतली. धाकट्याच्या आतड्यातून एक कोंब निघाला. तो आज ठीक आहे.

भगिनींना एक वेगळी विनंती. ही गोष्ट सासूला सांगवत नाही, नवऱ्याला सांगवत नाही, हे मी जाणतो. निदान आशाताईंना सांगा. आता घरोघरी शौचालय झाले आहे, तेव्हा पाणी ओतण्याआधी एकदा नजर टाकायची सवय ठेवा. पिकावर आलेली कीड आपण पानाखाली वाकून पाहतो. तेवढेच लक्ष स्वतःच्या देहाकडे द्यायला लाज कसली?

त्या गृहस्थांना मी सांगितले, "बाबा, ही बिमारी खेड्यात कमी हाय, पण न्हाई असं न्हाई." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मलाबी दोन महिनं रगत पडतंय साहेब." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आरोग्य केंद्रात गेलो. पुढे जिल्ह्याला तपासणी झाली. मूळव्याधच निघाली. परतताना एस. टी.त ते सारखे हसत होते, आणि मला दादांची आठवण येत होती.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीचा बंदोबस्त पाहू.