दप्तराविना दहा दिवस: मुलांना पाथरवटाकडे पाठवाल, पण त्याचा रोज कोण देणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकावं. त्याच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२४ मध्ये आल्या. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावात हे दहा दिवस कुठे घालवायचे? एक उत्तर पायाखालीच आहे, काळा दगड.

यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्टवर वसलाय. पाटा-वरवंटा, जातं, देवळाची पायरी या दगडातून घडवणारा तो पाथरवट. महाराष्ट्रात हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः वडार समाजाने केलं. घरोघरी मिक्सर आला आणि पाट्याला टाकी लावून घेणारं गिऱ्हाईक कमी झालं.

यात शिकण्यासारखं काय?

भरपूर. दगडावर हातोडी हलकेच मारली की खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर आत भेग आहे असं समजायचं. इंजिनीअरिंगच्या पुस्तकात यालाच वस्तू न फोडता केलेली चाचणी म्हणतात. टाकीचं टोक बोथट झालं की ते भट्टीत तापवून, ठोकून, पाण्यात बुडवून पुन्हा कडक करतात. याला 'पाणी देणं' म्हणतात. पाणी जास्त बसलं तर टोक तुटतं, कमी बसलं तर वाकतं. पोलादाचा हा धडा फळ्यावर समजायला तास जातो, भट्टीपाशी पाच मिनिटं पुरतात. टाकी लावलेल्या पाट्यावरचं पहिलं वाटण का फेकतात, हेही तिथेच कळतं. त्यात दगडाची कच येते.

हा विचार नवा नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तउद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. पुढे 'कार्यानुभव' आला आणि बऱ्याच शाळांत तो कागदी फुलं आणि पुठ्ठ्याच्या घरांवर उरकला.

धोका आहेच

कपची डोळ्यात जाते, धूळ छातीत. बेसाल्टमध्ये घातक सिलिका वालुकाश्मापेक्षा कमी असते, तरी गॉगल, मास्क आणि ओला करून घेतलेला दगड याला पर्याय नाही. मुलांच्या हाती ग्राइंडर द्यायचाच नाही. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे मुलांनी शिकायचं, कोणाची ऑर्डर पुरी करायची नाही.

आणि शिकवणाऱ्याचं काय?

खरा प्रश्न इथे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आणि दगडकाम करणारे आहेत. प्रशिक्षण घेताना कारागिराला दिवसाला ५०० रुपये मिळतात. तोच कारागीर शाळेच्या मुलांना शिकवायला बसला, तर बहुतेक वेळा शाल, नारळ आणि ग्रुपवर एक फोटो. त्याचा दिवस मात्र बुडालेला. धोरणात अशा जाणकारांना शाळेत शिकवायला नेमण्याची तरतूद आहे, त्यांना 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हटलंय. मग शाळांनी आधी मानधनाची सोय करावी, सहलीची तारीख नंतर ठरवावी.

आई-बापासोबत कामाच्या ठिकाणी फिरणारी वडार मुलं टाकीचा आवाज ऐकतच वाढली. ती खाणीवर गेली की हजेरीपटावर गैरहजर लागायची. आता तीच जागा बघायला अख्खा वर्ग जाणार असेल, तर त्या दिवशी दगड कसा धरायचा हे वर्गाला दाखवायला त्यांच्यापैकीच कोणाला तरी पुढे बोलवायला हवं.